गॉटीला जन्मठेपेला धाडणारा सरकारी वकील जज झाल्यावर

ब्रुकलिनकर
मंडळी, मागे इथे एका धाग्यावर 'सरकारी वकील जज झाला की तो आरोपीचं काय डोंबल ऐकणार' ही चर्चा अर्धवट राहिली होती, तेव्हापासून हे लिहायचं होतं. अमेरिकेत फेडरल प्रॉसिक्युटर (केंद्र सरकारचा फौजदारी वकील) म्हणून आठ-दहा वर्षं काढायची आणि मग फेडरल जज व्हायचं ही चांगलीच मळलेली वाट आहे. त्या वाटेने गेलेल्यांत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा माणूस म्हणजे जॉन ग्लीसन, आमच्या ब्रुकलिनच्याच कोर्टातला, म्हणून त्याचीच गोष्ट सांगतो.

ग्लीसन १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये असिस्टंट यूएस अटर्नी म्हणून लागला. तेव्हा गॅम्बिनो या माफिया टोळीचा बॉस जॉन गॉटी जोरात होता. १९८७ च्या खटल्यात गॉटी सुटला, ग्लीसन त्या खटल्यात दुय्यम वकील होता, आणि एका ज्युररने ६० हजार डॉलरला आपलं मत विकलं होतं हे पुढे सिद्ध झालं. पेपरवाल्यांनी गॉटीला 'टेफ्लॉन डॉन' म्हणायला सुरुवात केली कारण त्याच्यावर काही चिकटतच नव्हतं. मग एफबीआयने मलबरी स्ट्रीटवरच्या त्याच्या क्लबच्या वर एक म्हातारी बाई राहायची तिच्या घरात मायक्रोफोन बसवले, टेप जमवल्या, आणि गॉटीचा उजवा हात सॅमी ग्रॅव्हॅनो फुटला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत माफीचा साक्षीदार झाला. एप्रिल १९९२ मध्ये गॉटी सगळ्या आरोपांत दोषी ठरला, पॅरोल नसलेली जन्मठेप झाली आणि २००२ मध्ये तो कैदेतच गेला. या दुसऱ्या खटल्याचा मुख्य वकील ग्लीसन होता. १९९४ मध्ये क्लिंटनने त्याला त्याच कोर्टात जज नेमलं.

आता इथे खरी गोम आहे ती बघा. ग्रॅव्हॅनोने १९ खुनांत आपला हात असल्याचं कबूल केलं होतं. सरकारबरोबर झालेल्या करारात त्याची शिक्षा जास्तीत जास्त २० वर्षं ठरली होती आणि साक्ष दिल्यावर प्रत्यक्षात जजने दिली फक्त ५ वर्षं. आणि त्याच इमारतीत एक-दोन वर्षांनी फ्रँस्वा होलोवे नावाच्या तरुणावर तीन गाड्या बंदुकीच्या धाकाने पळवल्याचा खटला चालला, जज होता ग्लीसन. सरकारने होलोवेला साधारण ११ वर्षांची ऑफर दिली होती, त्याने ती नाकारली, खटला लढला आणि हरला. शिक्षा झाली ५७ वर्षांहून जास्त. कारण तेव्हाचा कायदा असा होता की गुन्ह्यात बंदूक वापरल्याचा पहिला आरोप सिद्ध झाला की ५ वर्षं, आणि त्यापुढच्या प्रत्येकाला २० वर्षं, तीही एकापुढे एक, एकत्र भोगायची सोय नाही. म्हणजे ४५ वर्षं तिथेच झाली आणि त्यात जजला एक दिवस कमी करायची मुभा नव्हती. ते तिन्ही आरोप लावायचे की एकच लावायचा हे ठरवणारा माणूस जजच्या खुर्चीत नव्हता, समोर सरकारी वकिलाच्या टेबलावर होता, आणि त्या टेबलावर किती ताकद असते हे ग्लीसनइतकं कुणाला माहीत असणार, ग्रॅव्हॅनोचा सौदा त्यानेच केला होता ना.

होलोवेची केस पार सुप्रीम कोर्टात गेली, १९९९ मध्ये तिथेही तो हरला. सगळे अपील संपले. आणि मग जवळपास दोन दशकांनी ग्लीसनने काय केलं तर तिथल्या यूएस अटर्नीला (फेडरल सरकारी वकिलांच्या ऑफिसचा प्रमुख), म्हणजे लोरेटा लिंचला (याच बाई पुढे ओबामांच्या अटर्नी जनरल झाल्या) लेखी आदेशातून विनंती केली की कायद्याने माझे हात बांधलेत पण तुमचे नाहीत, यातले दोन आरोप तुम्ही मागे घेऊ शकता. आधी सरकार पक्षाने राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज करा म्हणून सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. २०१४ मध्ये लिंच तयार झाल्या, दोन आरोप रद्द झाले आणि होलोवे सुटला.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रॉसिक्युटर राहिलेला जज सरकारच्या बाजूला झुकतोच असं धरून चालू नका. शिक्षा कोर्टात ठरत नाही, ती आरोपपत्र लिहिताना ठरते, हे ज्याने स्वतः आरोपपत्रं लिहिलीत त्यालाच सगळ्यात नीट कळतं. तुम्हाला काय वाटतं?

रानजाई
फार छान लिहिलंय, १९ खुनांना ५ आणि तीन गाड्यांना ५७ हे वाचून पोटात गोळा आला. एक बेसिक प्रश्न, हे लोक परीक्षा देऊन जज होतात का? आणि प्रॉसिक्युटर म्हणजे आपले उज्ज्वल निकम तसे का?

ब्रुकलिनकर
@रानजाई, निकम हे विशेष सरकारी वकील, म्हणजे ९३ चे बॉम्बस्फोट असोत की कसाबचा खटला, त्या त्या केससाठी सरकारने नेमलेले, मूळचे जळगावचे वकील. इथला असिस्टंट यूएस अटर्नी हा पूर्णवेळ नोकरदार असतो, खाजगी अशील घ्यायचे नाहीत, महिन्याचा पगार, आणि त्या भागातला प्रत्येक फेडरल गुन्हा या ऑफिसकडे. देशात ९४ फेडरल डिस्ट्रिक्ट आहेत आणि यूएस अटर्नी ९३, कारण ग्वाम आणि नॉर्दर्न मारियाना बेटांना मिळून एकच आहे. यूएस अटर्नी राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि सिनेट मंजूर करते, म्हणून सरकार बदललं की तो बहुतेक वेळा जातो. खालचे असिस्टंट मात्र टिकून राहतात, खरं काम तेच करतात आणि जजच्या खुर्चीपर्यंत जाणारे पुष्कळ जण या खालच्या फळीतलेच असतात.

जज व्हायला परीक्षा नाही. गंमत म्हणजे राज्यघटनेत फेडरल जजसाठी वयाची अट नाही, एवढंच काय कायद्याची डिग्री हवी असंही लिहिलेलं नाही. पण प्रत्यक्षात गाळणी भरपूर आहेत. डिस्ट्रिक्ट जजची, म्हणजे फेडरल खटले चालवणाऱ्या जजची, जागा रिकामी झाली की त्या राज्याचे सिनेटर नावं सुचवतात, बऱ्याच सिनेटरांनी त्यासाठी वकिलांच्या समित्या नेमलेल्या असतात. मग व्हाइट हाऊस, एफबीआयची चौकशी, सिनेटच्या न्याय समितीची लांबलचक प्रश्नावली ज्यात आजवर चालवलेले महत्त्वाचे खटले, लिहिलेले लेख, दिलेली भाषणं, आर्थिक हिशेब सगळं भरायचं, समितीपुढे सुनावणी, आणि शेवटी सिनेटमध्ये मतदान. शिवाय ब्लू स्लिप म्हणून एक प्रथा आहे, खरोखरचा निळा कागद असतो, त्या राज्याच्या सिनेटरने तो परत केला नाही तर डिस्ट्रिक्ट जजची नेमणूक अडते. सर्किट म्हणजे अपील कोर्टांसाठी ती अडवणूक आता चालत नाही.

एकदा नेमलं की तहहयात. महाभियोगाशिवाय काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही. हे सगळं झुकू नये म्हणून.

कृष्णाकाठची वकीलीण
मी साताऱ्याला सेशन्स कोर्टात बचाव पक्षाकडून उभी राहते, त्यामुळे हा धागा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. आपल्याकडचं चित्र थोडं सांगते म्हणजे तुलना करता येईल.

आपल्याकडे जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात जे एपीपी (सहायक सरकारी वकील) असतात ते एमपीएससीची परीक्षा देऊन येतात, सेशन्सला जे पीपी (सरकारी वकील) असतात त्यांना राज्य सरकार नेमतं आणि ते बऱ्याचदा स्थानिक बारमधले अनुभवी वकील असतात. वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी घटनेच्या २३३ व्या कलमात सात वर्षं वकिली लागते. पगारी सरकारी वकिलाची नोकरी ही 'वकिली' धरायची की नाही यावर बरीच भांडणं झाली आणि २०१३ मध्ये दीपक अग्रवाल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने धरायची असं सांगितलं. त्यामुळे एपीपी ते जिल्हा न्यायाधीश ही वाट आपल्याकडेही आहे, फक्त ती परीक्षेतून आणि हायकोर्टाच्या मुलाखतीतून जाते.

पण मोठा फरक वेगळाच आहे. आपल्याकडे आरोपपत्र पोलीस देतात. कुठली कलमं लावायची हे तपासी अंमलदार ठरवतो, कोर्ट त्यावरून आरोप निश्चित करतं आणि सरकारी वकिलाच्या हातात फाईल येते तेव्हा बरंचसं शिजून झालेलं असतं, मग साक्षीदार फितूर झाला, पंचनाम्यात घोळ निघाला की शिव्या खायला पीपी पुढे. तिथे प्रॉसिक्युटर तपास चालू असतानाच एफबीआयबरोबर बसलेला असतो, ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणारे नागरिक) तोच जातो. त्यामुळे ब्रुकलिनकर म्हणतात ती 'टेबलाची ताकद' आपल्याकडच्या पीपीला कधी मिळतच नाही. प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेणं) आपल्याकडे २००६ पासून आहे, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्याच गुन्ह्यांना, आणि कोर्टात ते क्वचितच वापरलेलं दिसतं. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून जास्त फेडरल शिक्षा या गुन्हा कबूल करूनच होतात. म्हणजे खटला हा तिथे अपवाद. होलोवेने तो अपवाद निवडला आणि ११ ची ५७ झाली, याला आमच्या व्यवसायात आम्ही शिक्षा नाही म्हणत, लढल्याचा दंड म्हणतो. बचावाच्या वकिलाला अशिलाला खटला लढ म्हणून सांगताना हात थरथरावेत असा हा कायदा होता.

आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये शिवकुमार केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की पीपीचं काम काहीही करून शिक्षा मिळवणं नाही, आरोपीला हक्काने मिळायला हवं ते कोर्टापुढे आणणं हेसुद्धा त्याचं कर्तव्य आहे. मला भेटलेल्या चांगल्या सरकारी वकिलांत ही जाण होती आणि अशी माणसं जज म्हणून उत्तम होतात यावर माझा विश्वास आहे.

जर्सीचा_पक्या
मी विरोधी मत मांडतो. ग्लीसन चांगला माणूस असेल, आहेच, पण एका ग्लीसनवरून नियम नाही काढता येत. फेडरल बेंचवर माजी प्रॉसिक्युटर हे माजी पब्लिक डिफेंडरांपेक्षा (गरीब आरोपींचा बचाव करणारे सरकारी पगारी वकील) कित्येक पटीने जास्त राहिलेत, यावर दोन्हीकडच्या विचारांचे लोक बोलतात. सिनेटर नावं सुचवताना बघतात की हा 'गुन्हेगारांना सोडणारा' म्हणून माझ्यावर शेकेल का, प्रॉसिक्युटरबाबत ती भीती नसते. ज्याने गरीब आरोपींचा बचाव करण्यात आयुष्य घातलं त्याला मात्र सिनेट समिती विचारते की या अमुक बलात्काऱ्याची, तमुक दहशतवाद्याची केस तुम्ही का घेतली. केतांजी ब्राउन जॅक्सनला २०२२ मध्ये हेच झेलावं लागलं, आणि सुप्रीम कोर्टात पोचलेली ती पहिली माजी फेडरल पब्लिक डिफेंडर. पहिली, २०२२ मध्ये! फेडरल कोर्टं १७८९ पासून आहेत.

आपल्या लोकांतलं उदाहरण द्यायचं तर अमित मेहता, जन्म गुजरातमधल्या पाटणचा, वॉशिंग्टनमध्ये पब्लिक डिफेंडर होता, २०१४ मध्ये जज झाला आणि २०२४ मध्ये गूगलने सर्चमध्ये बेकायदा मक्तेदारी ठेवली हा निकाल त्यानेच दिला. कोठडीत अशिलाशेजारी बसून ज्याने आईबापांना फोन केलेत त्याला जामिनाचा अर्ज वेगळा दिसतो. ग्लीसनला होलोवे दिसायला दोन दशकं लागली हे पण बघा ना.

ब्रुकलिनकर
@जर्सीचा_पक्या, बेंचवर दोन्हीकडचे हवेत हे शंभर टक्के मान्य. पण दोन दशकं लागली यावर माझं थोडं वेगळं मत. शिक्षा देतानाही ४५ वर्षं कमी करता येत नव्हतीच आणि नंतर केस हातातून अपिलात गेलेली. त्याने दुसऱ्या केसेसमध्ये त्याआधीच लिहायला घेतलं होतं. २०१२ मध्ये रस्त्यावर क्रॅक (कोकेनचा एक प्रकार) विकणाऱ्या एका किरकोळ माणसाला सक्तीची ५ वर्षं देताना निकालात लिहिलं की काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) ही किमान शिक्षा टोळीच्या म्होरक्यांसाठी आणि मॅनेजरांसाठी ठेवली होती, फुटकळ विक्रेत्यांना ती लावू नका. २०१३ मध्ये लिहिलं की जुन्या गुन्ह्यांची नोटीस लावून शिक्षा दुप्पट करण्याची धमकी देऊन सरकार कबुल्या काढतंय. हे निकाल म्हणजे आपल्या जुन्या ऑफिसला जाहीर पत्रंच आहेत आणि ज्यांच्याबरोबर नऊ वर्षं डबा खाल्ला त्यांना असं लिहायला छाती लागते.

वैशाख_ऊन
सुप्रीम कोर्टाच्या जज सोनिया सोटोमायरचा उल्लेख नाही आला अजून. ब्राँक्समधल्या सरकारी गृहसंकुलात वाढलेली, प्रिन्स्टन, येल, आणि १९७९ मध्ये मोठ्या लॉ फर्मऐवजी मॅनहॅटनच्या डिस्ट्रिक्ट अटर्नीकडे, रॉबर्ट मॉर्गेन्थॉकडे, असिस्टंट म्हणून लागली. ही फेडरल नव्हे हां, स्टेटची नोकरी. इथे दोन समांतर व्यवस्था आहेत, बहुतेक खून-दरोडे-मारामाऱ्या स्टेटकडे, आणि डिस्ट्रिक्ट अटर्नी निवडणूक लढवून येतो. बाई पाच वर्षं तिथे राहिल्या, मग खाजगी फर्म, मग १९९१ मध्ये थोरल्या बुशने नाव दिलं आणि १९९२ मध्ये डिस्ट्रिक्ट जज. १९९५ मध्ये बेसबॉलचा संप चालू होता तेव्हा मालकांविरुद्ध मनाईहुकूम देऊन संप संपवला तो यांनीच. १९९८ मध्ये अपील कोर्ट, २००९ मध्ये सुप्रीम कोर्ट, ६८ विरुद्ध ३१. बुश रिपब्लिकन आणि क्लिंटन-ओबामा डेमोक्रॅट, तिघांनी नेमलेलं.

आता गंमत बघा, सुप्रीम कोर्टातला त्यांचा सहकारी सॅम्युअल अलिटो पण प्रॉसिक्युटर, न्यू जर्सीचा यूएस अटर्नी होता १९८७ ते ९०. सोटोमायर आणि अलिटो फौजदारी केसेसमध्ये कितीदा विरुद्ध टोकाला असतात! म्हणजे जुनी नोकरी माणसाला एकाच साच्यात घालत नाही.

भारतीय वंशाचं म्हणाल तर अमूल थापर, केंटकीच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टचा यूएस अटर्नी, २००८ मध्ये डिस्ट्रिक्ट जज, दक्षिण आशियाई वंशाचा पहिला तहहयात फेडरल जज, २०१७ पासून अपील कोर्टात. आणि शिकागोचा मनीष शाह, तो २००१ पासून असिस्टंट यूएस अटर्नी, २०१४ मध्ये तिथेच जज.

दुकानदार_दादर
सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून लिहितोय. आमच्या दुकानावर काही वर्षांपूर्वी दोन पोरं चाकू घेऊन आली होती, गल्ला घेऊन गेली. माझ्या वडिलांनी त्यानंतर दुकानात एकट्याने बसणं बंद केलं ते कायमचं. ज्याच्या कपाळावर बंदूक लागते त्याला ती तीन मिनिटं जन्मभर पुरतात, होलोवेच्या बाबतीत तर अशी तीन माणसं होती. ५७ वर्षं जास्त आहेत हे मी मान्य करतो, खुन्याला ५ मिळत असतील तर जास्तच आहेत. पण प्रॉसिक्युटर राहिलेला जज मला बरा वाटतो तो यासाठी की त्याने फिर्यादीसमोर बसून त्याची साक्ष तयार करून घेतलेली असते, साक्षीदार कोर्टात यायला किती घाबरतो ते पाहिलेलं असतं.

कृष्णाकाठची वकीलीण
@दुकानदार_दादर दादा, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आणि बचावाकडून उभी राहणारी मी हे मनापासून लिहितेय. फिर्यादीला कोर्टात मिळणारी वागणूक हा आपल्याकडे मोठा प्रश्न आहे, तारखांवर तारखा, आरोपीच्याच बाकाशेजारी उभं राहायचं. ज्याने साक्षीदाराला धीर देऊन पिंजऱ्यात उभं केलंय तो जज उलटतपासणीत आम्हाला वेळेवर थांबवतो आणि थांबवायलाच हवं. फक्त तुमच्या त्या पोरांना पाच-सात वर्षं झाली असती तर तुम्हाला न्याय मिळाल्यासारखं वाटलं असतं का, की म्हातारपणापर्यंत आत ठेवूनच वाटलं असतं, हे प्रामाणिकपणे विचारते.

दुकानदार_दादर
ताई, पाच-सात पुरेशी होती. पकडली गेली असती तर.

रानजाई
एक शंका. कालपर्यंत ज्या ऑफिसात होता त्याच ऑफिसच्या केसेस समोर आल्या तर? त्याचे मित्रच समोर उभे असणार ना.

ब्रुकलिनकर
हो, कायदा आहे त्याला. सरकारी नोकरीत असताना ज्या केसमध्ये वकील म्हणून भाग घेतला किंवा मत दिलं तिथून जजने बाजूला व्हायचंच. नवीन जजला सुरुवातीला म्हणूनच जुन्या ऑफिसच्या बऱ्याच केसेस देत नाहीत, दिवाणी जास्त येतात. यूएस अटर्नी स्वतः जज झाला तर अडचण मोठी कारण जवळजवळ प्रत्येक केस त्याच्या नावाने दाखल झालेली असते. मैत्रीवर मात्र कायदा नाही, ते ज्याच्या त्याच्या मनावर.

याच्या उलट्या दिशेने गेलेला माणूस सांगतो. रॉबर्ट जॅक्सन, अटर्नी जनरल असताना एप्रिल १९४० मध्ये देशभरच्या यूएस अटर्नींपुढे त्याने भाषण केलं, त्याचा गाभा असा की प्रॉसिक्युटरच्या हातात माणसाच्या आयुष्यावर, स्वातंत्र्यावर आणि अब्रूवर अमेरिकेत इतर कुणाहीपेक्षा जास्त सत्ता असते, आणि सगळ्यात मोठा धोका हा की तो आधी माणूस निवडेल आणि मग त्याच्यावर बसवायला गुन्हा शोधेल. पुढच्या वर्षी तो सुप्रीम कोर्टाचा जज झाला, आणि १९४५ मध्ये त्या खुर्चीतून उठून न्यूरेंबर्गला नाझींविरुद्ध प्रॉसिक्युटर म्हणून उभा राहिला. आमच्या इथे नवीन लागलेल्या प्रॉसिक्युटरांना ते भाषण आजही वाचायला देतात.

शमीची_पानं
माझी भाची बॉस्टनला लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला फेडरल प्रॉसिक्युटर व्हायचंय. काय करावं तिने?

वैशाख_ऊन
आधी क्लार्कशिप, म्हणजे एखाद्या जजकडे वर्ष-दोन वर्षं निकालांचे मसुदे आणि संशोधन. त्यासाठी अर्ज आत्ताच करायला हवेत, मार्कांना फार महत्त्व. ग्लीसनसुद्धा आधी एका अपील कोर्टाच्या जजकडे क्लार्क होता, मग मोठ्या फर्ममध्ये काही वर्षं, मग सरकारी नोकरी, हा क्रम नेहमीचा आहे. अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डवर सहसा होत नाही, ते आधी बघा. राहायलाही त्याच डिस्ट्रिक्टमध्ये किंवा २५ मैलांच्या आत लागतं. आणि उन्हाळ्यात तिला एकदा पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसात इंटर्न म्हणून पाठवा, प्रॉसिक्युटर व्हायचं असेल तर नक्कीच पाठवा.

जर्सीचा_पक्या
हे शेवटचं आवडलं. ब्रुकलिनकर, ग्लीसन आता कुठे? तहहयात नोकरी होती म्हणता मग अजून जज असेल.

ब्रुकलिनकर
नाही, २०१६ मध्ये राजीनामा दिला आणि खाजगी फर्ममध्ये गेला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच्यापुढे एक बाई आली होती, निकालात तिचं नाव जेन डो एवढंच आहे. तेरा वर्षांपूर्वी विम्याच्या घोटाळ्यात ती दोषी ठरल्यावर त्यानेच तिला प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) दिलं होतं, त्यानंतर एकही गुन्हा नाही, पण आजाऱ्यांची घरी जाऊन शुश्रूषा करायचं तिचं काम, आणि दरवेळी जुनी नोंद दिसली की नोकरी जायची. त्याने ती नोंदच पुसून टाकली आणि लिहिलं की मी तिला जन्मभर बेकार राहायची शिक्षा दिली नव्हती. अपील कोर्टाने २०१६ मध्ये तो आदेश फिरवला, जजला तो अधिकारच नाही म्हणून. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेलही, मला ते वाचून फार वाईट वाटलं.

होलोवेसारख्यांचं काय झालं तेही सांगतो. २०१८ च्या फर्स्ट स्टेप ॲक्टने पहिल्यांदाच सापडलेल्याला बंदुकीच्या आरोपांची अशी रास लावणं बंद केलं, पण आधी शिक्षा झालेल्यांना ते लागू केलं नाही, म्हणजे तशाच शिक्षा भोगणारे लोक आतच राहिले. २०२२ मध्ये ग्लीसन फेडरल सेंटेन्सिंग कमिशनवर (शिक्षांचे नियम ठरवणारं मंडळ) नेमला गेला. नोव्हेंबर २०२३ पासून कमिशनचा नवा नियम आला की दहा वर्षं भोगून झालेली असतील आणि कायदा बदलल्यामुळे आजच्या मानाने शिक्षा फारच जास्त ठरत असेल तर कैद्याला जजकडे ती कमी करायचा अर्ज करता येईल. सरकारी वकिलाची परवानगी लागत नाही.